कुंकू खोक्याला लावा

चांगुणा गजभारे हे नाव लातुरात आता फार कुणाला आठवत नाही. तिने लिहिलेली पुस्तिका माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. सोळा पानं, सायक्लोस्टाइल केलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. कॉम्प्युटर खोक्यातून काढून जोडायचा कसा आणि त्यावर बेसिक ही भाषा चालू कशी करायची, एवढंच त्यात आहे. तसला कॉम्प्युटर आता भंगारातही मिळत नाही. तरी पुस्तिका टाकवत नाही.

मी हमाल. साठी होईपर्यंत अडत बाजारात पोती उचलली. मधली तीन वर्षं तेवढी कॉम्प्युटरच्या क्लासात काढली, तीही दुष्काळामुळे. सत्याऐंशी साल. शेतात काही पिकलं नाही, तर बाजारात पोतं कुठून येणार? आमचे आकडे खुंटीला टांगलेले. आकडा म्हणजे पोत्यात रुतवून ते पाठीवर घ्यायचं लोखंडी हत्यार. लातूर जिल्हा तेव्हा नवाच होता, पाच वर्षांचा. उस्मानाबादचे खेटे संपले म्हणून लोक खूश होते. दर महिन्याला एखाद्या नव्या कचेरीची पाटी लागायची. नळाला पाणी मात्र नसायचं.

गुरुपादप्पा यांचं खताचं दुकान होतं. दुष्काळात खत कोण घेतो? त्यांनी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला. लोक म्हणाले, आप्पाला ऊन लागलं. आप्पांनी दोन यंत्रं आणली, आणि मला बोलावलं. टँकरचं पाणी वर चढवायचं, झाडायचं, खोकी उचलायची. शिकवायला चांगुणा.

ती अर्धापूरची. वडील केळीच्या बागेत घड तोडायचे. नांदेडला डिप्लोमा केला. वय चोवीस-पंचवीस. सुती साडी, हातात घड्याळ, बाकी काही नाही. मी तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. ती मला व्यंकटीभाऊ म्हणायची. मी बाई म्हणायचो. आप्पा मला व्यंकट्या म्हणायचे, पण ते सगळ्यांनाच तसं म्हणत.

त्या वर्षी जिल्ह्याने ठरवलं, पाचही तालुक्यांत एकेका शाळेला एक कॉम्प्युटर द्यायचा. यंत्रं पोचवून चालू करून देण्याचं काम आप्पांनी मागितलं. अडचण एकच. यंत्राबरोबर आलेली पुस्तकं इंग्रजी, विटेएवढी जाड, आणि ज्याला सगळं आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली. चांगुणा म्हणाली, "मराठीत लिहिते. मास्तर एकटे लावतील, मला प्रत्येक ठिकाणी जायची गरज पडणार नाही."

आप्पा म्हणाले, "बाई, तुमची नेमणूक सहा महिन्यांची हाय. पुस्तक चाललं तर कायम करतो. न्हाई चाललं तर पुण्याचा एक इंजिनिअर यायला तयार हाय. मग तुमचा आमचा रामराम."

ती म्हणाली, "चालेल."

तिने कसं लिहिलं ते सांगतो, कारण ते मी पाहिलं आहे, आणि काम कशाला म्हणतात हे मला कळतं. आधी तिने दहा पानं लिहिली. मग मला बोलावलं. "व्यंकटीभाऊ, तुम्ही कितवी?"

"सातवी पास. पण बाई, मला यातलं कायबी येत न्हाई."

"म्हणूनच. हे मोठ्याने वाचा आणि वाचाल तसं करा. मला काही विचारायचं नाही. मी बोलणार नाही."

ती माझ्या मागे स्टुलावर बसली. हातात पेन्सिल. मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत होतं, 'यंत्राला वीजपुरवठा जोडा.' मी थांबलो. चार वायरी होत्या. कोणती? मागे वळून पाहिलं. ती गप्प. पेन्सिलीने तिच्या प्रतीवर एक टिंब दिलं. मी जिथे थांबेन तिथे टिंब. त्या दिवशी सदतीस टिंबं पडली.

मला राग आला. म्हटलं, "बाई, गंमत करताव का माझी?"

"तुमची नाही. सदतीस वेळा मी चुकले. तुम्ही फक्त कुठे ते दाखवलंत."

दुसऱ्या दिवशी ती ओळ अशी झाली होती: 'चार वायरी आहेत. सगळ्यांत जाड काळी वायर घ्या. तिच्या टोकाला तीन भोकं आहेत.' मी जाड काळी वायर घेतली. तीन भोकं होती. एंटर लिहायच्या जागी तिने लिहिलं, 'उजव्या हाताला वाकडा बाण काढलेला मोठा खटका.' फ्लॉपीला तिने तबकडी म्हटलं, कारण ती कागदी पाकिटातली चौकोनी तबकडीच दिसायची. पाकिटातून काढली की तबकडीला एका बाजूला लांबट खिडकी. तिथून आतली तपकिरी चकती दिसते. त्या खिडकीतूनच यंत्र वाचतं. 'खिडकीला बोट लावू नका' हे तिने तीन ठिकाणी लिहिलं होतं.

असं रोज, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. सदतीसची वीस झाली, वीसची अकरा. मला यायला लागलं की माझा उपयोग संपेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती मधे आठ-आठ दिवस मला यंत्राजवळ फिरकू द्यायची नाही. म्हणायची, "विसरा बरं सगळं." विसरणं हेही काम असतं हे मी तिच्याकडे शिकलो.

एकदा मात्र मी वाचायचंच थांबलो. पान सात. यंत्राला हात लावल्यावर मुंग्या येऊ नयेत, त्यासाठी अर्थिंग नीट हवं. अर्थिंग म्हणजे वीज जमिनीत जिरवायचा खड्डा. जमीन कोरडी पडली की तो काम करत नाही. पानावर लिहिलं होतं, 'खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाका. वर दोन घागरी पाणी ओता.'

"ह्ये कोण करंल?" मी म्हणालो.

बोलायचं नाही हा तिचा नेम होता. पण त्या दिवशी ती बोलली. "का?"

"बाई, बाया चार-चार कोस जाऊन घागर आणतेत. प्यायला न्हाई, आन् यंत्रापायी जमिनीत वतू? मी न्हाई वतणार. कुणीच न्हाई वतणार. आन् वतलं न्हाई हे तुम्हाला सांगणारबी न्हाईत."

तिने पेन्सिल उचलली. मग लिहिलं, 'भांडी धुतलेलं, हात-पाय धुतलेलं पाणी चालतं.' मी म्हटलं, आता वततो.

पुस्तक तयार झालं. परीक्षेचा दिवस ठरला, दसऱ्यानंतरचा सोमवार. जिल्ह्याचे साहेब येणार. यंत्र बंद करून सुटं करून ठेवायचं. पुस्तक वाचून मी ते जोडायचं. चांगुणाने एक अक्षर बोलायचं नाही. तिनेच अट घातली होती. मला आप्पांनी निवडलं. म्हणाले, "ह्या व्यंकट्याला जमलं तर म्हशीलाबी जमंल." त्यावर ती हसली नाही. मीही नाही.

दसऱ्याला ती नांदेडला गेली. धम्मचक्र प्रवर्तन दिन, तिच्या घरची सगळी माणसं जमायची. कपाटाची किल्ली ती बरोबर घेऊन गेली. क्लासच्या दाराची किल्ली माझ्याकडे.

खंडेनवमीला आम्ही हमाल आकडे धुतो, पुसतो, ओळीने मांडतो, हळदकुंकू लावतो. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याची वर्षातून एकदा पूजा. मी माझ्या आकड्याची केली. मग वाटलं, सध्या पोट कशावर चालतंय? क्लास उघडला. यंत्र पुसलं. दोन नारळ फोडले, तेही खाली रस्त्यावर, कारण पाण्याचा थेंब यंत्राजवळ नको हे पुस्तकात होतं. मग तबकड्या मांडल्या. रोज वापरायच्या नकला, बारा. प्रत्येकीला हळद, त्यावर कुंकू. कुठे लावावं हा प्रश्न आला. माणसाला कपाळावर लावतात. तबकडीचं कपाळ कुठलं? मला ती खिडकी दिसली. बोट लावू नका असं होतं. मी बोट लावलं नाही. काडीला कापूस गुंडाळला आणि त्याने लावलं. एकही तबकडी सोडली नाही. काम अर्धं करायची मला सवय नाही.

वरून फुंकर मारून, पुसून परत पाकिटात घातल्या.

सोमवारी साहेब आले. आप्पा, क्लासची सात-आठ मुलं, भिंतीजवळ चांगुणा. मी पुस्तक मोठ्याने वाचत गेलो. जाड काळी वायर. पडद्याची बारीक वायर. स्टॅबिलायझरचा काटा हिरव्यात येईपर्यंत थांबा. थांबलो. तबकडी वरच्या खणात घाला, लेबल वर, खिडकी पुढे. खटका खाली. यंत्र चालू. कुठे म्हणून थांबलो नाही. आप्पा साहेबांकडे पाहून मान हलवायला लागले.

मग यंत्र खरखरलं. एकदा, दोनदा. पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि खाली तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. पुस्तकात ते होतं. 'घाबरू नका. आर अक्षराचा खटका दाबा. परत तेच आलं तर तबकडी काढून दुसरी नक्कल घाला.' दुसरी घातली. खरखर. तिसरी. खरखर. चौथी काढली तेव्हा माझ्या अंगठ्याला लाल लागलं.

मी अंगठा पाहिला. चांगुणानेही पाहिला.

"बाई," मी म्हणालो. ती बोलली नाही. ओठ घट्ट मिटलेले. मी पुस्तकाची सगळी पानं उलटली. कुंकवाबद्दल कुठे काही नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "पुस्तकाची चूक न्हाई. नवमीला मी पूजा केली. बाराच्या बारा तबकड्याला कुंकू लावलं."

आप्पा कपाळावर हात मारून खाली बसले. "व्यंकट्या, आरं एखादी तरी सोडायचीस की रं!"

मुलं हसली. साहेब हसले नाहीत. ते चांगुणाकडे वळले. "बाई, हे पुस्तकात नाही."

आता ती बोलली. "नाही साहेब. हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं ते नवीन यंत्र आलं की काय करतील, हे मी बघायला हवं होतं. माझ्या घरी पूजा होत नाही. मला सुचलं नाही. चूक माझी."

"म्हणजे पुस्तक नापास."

"हो."

मला ते सहन झालं नाही. खिडकीतून खाली साहेबांची जीप दिसत होती. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर पाच बोटं कुंकवाची. "साहेब," मी म्हणालो, "तुमच्या जीपलाबी हाय. पाची तालुक्याला हेच व्हणार. तो पुण्याचा इंजिनिअर आला तरी व्हणार. त्याच्या इंग्रजी पुस्तकातबी कुंकू नसंल."

आप्पा म्हणाले, "गप रे." पण साहेब खिडकीशी गेले, जीपकडे पाहिलं, आणि आता हसले. परत येऊन म्हणाले, "पंधरा दिवस देतो. अहमदपूरच्या शाळेत यंत्र जाईल. बाई जाणार नाहीत. हा माणूस खोकी पोचवेल, पण तोंड उघडणार नाही. तिथले मास्तर पुस्तक वाचून लावतील. लागलं तर पाचही तालुके तुमचे. नाही लागलं तर विषय संपला."

मूळ तबकड्या कपाटात होत्या, म्हणून वाचल्या. चांगुणाने स्पिरिट आणि कापूस घेऊन यंत्राचा खण साफ केला. दोन दिवस लागले. मला एक शब्द बोलली नाही रागाचा. ते जास्त लागलं.

मग ती लिहायला बसली. 'तबकडीवर हळद, कुंकू, बुक्का, अंगारा लावू नये.' मला वाचायला दिलं.

"असं लिहू नका," मी म्हटलं. "नको म्हणलं की लोक लपून लावतेत. कुठं लावायचं ते सांगा. मला कपाळ सापडलं असतं तर मी खिडकीकडं गेलोच नसतो."

ती पेन्सिल खाली ठेवून बसली. "व्यंकटीभाऊ, माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे देव काढून टाकले. त्यापायी गावात काय काय सोसलं, ते मला माहीत आहे. आणि मी छापील कागदावर लिहू, पूजा करा म्हणून?"

मी एवढंच म्हणालो, "पुस्तक कुणासाठी हाय, तुमच्यासाठी का माझ्यासाठी?"

ती दिवसभर कागद लिहून खोडत होती. संध्याकाळी कागद पुढे केला. 'ज्यांच्याकडे नवीन वस्तूची पूजा करतात, त्यांनी कुंकू खोक्याला लावावं. नारळ दाराबाहेर फोडावा. मग हात धुवावेत, कोरडे करावेत, आणि त्यानंतरच तबकडीला हात लावावा.'

मी दोनदा वाचलं. कुठे थांबलो नाही. मग म्हटलं, "पर बाई, पूजेचं ताट बाईमाणसाच्या हातात असतं. खेड्यातल्या शाळेत ती वाचणारी असंल का?" तिने हा मजकूर पुस्तकाच्या पहिल्याच पानावर घेतला आणि वरच्या अर्ध्या भागात चित्र काढलं. खोकं, त्यावर कुंकवाचा टिळा, बाजूला ताट. तबकडी लांब, दुसऱ्या टेबलावर. स्टेन्सिलच्या मेणकागदावर रेघ ओढताना तो दोनदा फाटला. तिसऱ्यांदा जमलं.

अहमदपूरला टेम्पोने गेलो. शाळेत निवृत्ती मास्तर होते, गणिताचे. पन्नाशीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मुख्याध्यापक टोपी घालून तयार. आणि पाणी भरणारी पारूबाई, हातात ताट, हळद, कुंकू, निरांजन. साहेब खुर्चीवर. मी खोकी उतरवली, कोपऱ्यात उभा राहिलो आणि तंबाखू तोंडात धरली, म्हणजे बोलता येऊ नये.

मास्तरांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान उलटलं. सरळ तिसऱ्यावर गेले. शिकलेली माणसं पहिलं पान वाचत नाहीत, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाचता वाचता त्यांनी तबकड्या पाकिटातून काढून टेबलावर मांडल्या. नीट, ओळीने, खिडक्या वर.

पारूबाई ताट घेऊन पुढे आली. कुंकवाने भरलेलं बोट वर उचललं. माझ्या तोंडात तंबाखू कडू झाली. साहेब माझ्याकडेच पाहत होते. मी हात पाठीमागे धरले, एका हाताने दुसरा.

"मास्तर, आधी कोणाला लावू?" पारूबाई म्हणाली. "ह्या बारक्याला का मोठ्याला?"

"थांबा मावशी, वाचतोय."

"वाचा की. माझा हात अवघडला. निरांजन इझंल." ती त्यांच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावली. वाऱ्याने पान मागे पडलं होतं. "ह्ये काय, ताट काढलंय की हितं! माझंच ताट. टिळा खोक्याला लावलाय बघा. तुम्ही कुठलं वाचताव?"

मास्तरांनी चष्मा वर केला. पहिलं पान वाचलं, शेवटपर्यंत. तबकड्या गोळा करून दुसऱ्या टेबलावर नेल्या. म्हणाले, "खोक्याला लावा, मावशी."

पारूबाईने खोक्याला पाच बोटं लावली. नारळ दाराबाहेर फुटला. सगळ्यांनी हात धुतले. ते पाणी तिने बादलीत धरलं, आणि पान सात आलं तेव्हा स्वतःच नेऊन अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. वर म्हणाली, "आता जमिनीलाबी पाजा आमच्याच हाताचं."

दीड तास लागला. शेवटच्या पानावर बेसिकमधला दोन ओळींचा प्रोग्रॅम होता. तो लिहिला की पडद्यावर इंग्रजीत लातूर असं नाव येतं. आलं. साहेब उठायला लागले. पण मास्तर उठले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं, एक एक अक्षर शोधून परत लिहिलं, आणि पडद्यावर अहमदपूर आलं. ते पुस्तकात नव्हतं. साहेब परत बसले.

मी संध्याकाळच्या एसटीने लातूरला आलो. चांगुणा स्टँडवर उभी होती. किती वेळ उभी होती ते तिने सांगितलं नाही. मी म्हणालो, "लागलं."

तिने पहिला प्रश्न विचारला, "कुठे थांबले?"

मी सांगितलं. पडद्याची वायर उलटी लावत होते, तिथे. स्टॅबिलायझरपाशी. आणि पहिलं पान वाचलंच नाही. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि तिथेच बाकावर बसून तीन टिंबं दिली. मग म्हणाली, "ताटाचं चित्र बाहेर घेऊ. कव्हरवर." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच. मी रसवंतीवाल्याकडून दोन ग्लास आणले. दुष्काळात रस पातळ मिळायचा.

आप्पांनी तिला कायम केलं. औसा, उदगीर, निलंगा, सगळीकडे यंत्रं गेली, आणि तिला कुठेच जावं लागलं नाही. निलंग्याहून तेवढं एक कार्ड आलं. 'यंत्र लागले. पान सातवर दोन घागरी लिहिले आहे. एकच मिळाली. तरी चालले.' तिने पुढच्या छपाईत 'दोन घागरी' खोडून 'मिळेल तेवढं' असं केलं.

तीन वर्षांनी पाऊस-पाणी बरं झालं. बाजारात पोती आली आणि मी आकड्याकडे परत गेलो. ती पुढे नांदेडला गेली, तिथेही अशीच पुस्तकं लिहिली, इतर यंत्रांची. लग्न झाल्यावर दरवर्षी एक पत्र यायचं. पत्रात विचारपूस कमी, प्रश्न जास्त. हे वाक्य कळतं का, ते कळतं का. मी टिंबं देऊन परत पाठवायचो. पाच वर्षांपूर्वी पत्र यायचं थांबलं. कारण तिच्या मुलाने कळवलं.

दुसऱ्या छपाईच्या वेळी तिने मला विचारलं होतं, "शेवटच्या पानावर तुमचं नाव घालते. हुद्दा काय लिहू?"

"हुद्दा कसला, बाई. हमाल."

माझ्या पेटीत आहे ती तीच छपाई. कव्हरवर ताट आहे. शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात आहे: लिहिणार, चांगुणा गजभारे. वाचून, करून पाहणार, व्यंकटी, हमाल. खंडेनवमीला मी आकडा अजून काढतो, पुसतो. पुस्तिका शेजारी ठेवतो. कुंकू आकड्याला लावतो आणि पेटीला लावतो. पुस्तिकेला लावत नाही.